दुसऱ्या मजल्यावरचे नळ

“अजून इथेच?” बेकरीवाल्या बाईनं पाव कागदी पिशवीत टाकता टाकता विचारलं.

धाकटीनं नुसती मान हलवली. काय सांगणार? या गावात सप्टेंबर लागला की सगळे हेच विचारतात. बसचा ड्रायव्हर विचारतो, औषधाच्या दुकानातला टकल्या विचारतो, रस्ता झाडणारासुद्धा झाडू थांबवून विचारतो. उन्हाळाभर हीच माणसं गोड असतात, कारण उन्हाळ्यात गावभर पाहुणे असतात आणि पाहुण्यांच्या चादरी कुणीतरी बदलाव्या लागतात. पाहुणे गेले, किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटल्या, आइस्क्रीमच्या टपरीला फळ्या ठोकल्या, की गावाला एकदम आठवतं, ही परकी माणसं अजून आपल्याच फुटपाथवरून चालतायत. मग ते “अजून इथेच?” सुरू होतं. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, जाण्याची तारीख हवी असते.

पाव काखेत मारून धाकटी समुद्राकाठच्या रस्त्यानं निघाली. वारा बदलला होता. ऑगस्टपर्यंत तो अंगाला बरा वाटायचा, आता मानेत शिरत होता आणि वाळू उचलून रस्त्यावर आणून टाकत होता. निम्म्या घरांच्या खिडक्या लागलेल्या. ती बंद घरं बघितली की धाकटीचा तिळपापड व्हायचा. वर्षाचे दहा महिने रिकामी पडणारी ही एवढी घरं एका रस्त्यावर, आणि लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईला आतून कडी लावता येईल असं एक दार मिळू नये!

कडीचं हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. ते तिच्या थोरल्या जावेनं लावलं होतं.

थोरला दीर आणि थोरली या गावात येऊन सोळा वर्षं झाली होती. दीर बंदरावर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, थोरली समुद्रावरच्या हॉटेलात खोल्या आवरायला. चार वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. बोलावलं हे खरं, आणि ते एक दिवस विसरू दिलं नाही हेही खरं. पहिली दोन वर्षं धाकटीचा संसार थोरलीच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे, एका निळ्या पडद्याआड झाला. थोरलीला पहाटे तहान लागली की ती पडद्याला घासून स्वयंपाकघरात जायची आणि जाता जाता म्हणायची, “झोपा, झोपा. आम्ही आलो तेव्हा आठजण एका खोलीत होतो.” नवराबायकोनं कुजबुजून चार शब्द बोलावेत, तर सकाळी चहाच्या वेळी थोरली त्या चार शब्दांना उत्तर द्यायची. धाकटीला अजून मूल का नाही, याची चर्चा ती फोनवर सासूशी करायची, तीही त्याच सोफ्यावर बसून. पडद्याआड धाकटी उशी तोंडात कोंबून ऐकायची.

पुढे दोघांना हॉटेलात काम लागलं, तेही थोरलीच्याच शब्दावर. धाकटीला पहिल्या मजल्यावरच्या खोल्या, नवऱ्याला स्वयंपाकघरात भांडी धुवायच्या मशीनवर. कामाबरोबर हॉटेलच्या मागच्या बाजूला कामगारांची एक खोली मिळायची, पण ती मे ते सप्टेंबर. सीझन संपला की खोलीला कुलूप आणि यांची वरात पुन्हा पडद्यामागे. असे दोन हिवाळे झाले होते. तिसरा पंधरा दिवसांवर आला होता.

यंदा मात्र हॉटेलचा म्हातारा राखणदार कायमचा मुलीकडे निघून गेला. काम काय, तर हिवाळाभर बंद हॉटेल सांभाळायचं, एक दिवसाआड सगळ्या मजल्यांवर फेरी मारायची, कुठे गळतंय का, उंदीर शिरलेत का, वाऱ्यानं खिडकीची झडप निखळलीय का ते बघायचं. बदल्यात पगार आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दोन! बारा महिन्यांच्या. स्वतःचा ओटा, हिवाळ्यातही चालू राहणारा स्वतःचा नळ, दाराला आतून कडी आणि वर साखळी. झाडायच्या निमित्तानं धाकटी त्या खोल्यांत दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तिनं कडी लावून, काढून बघितली होती.

हॉटेलच्या मॅनेजरला दोघी जावा कुलूपराव म्हणायच्या, कारण त्याच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा घोस असायचा. दोघींचं एकमत होतं ते एवढ्या एकाच बाबतीत. सोमवारी कुलूपरावांनी दोघींना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, “राखणीला बाहेरचं माणूस घ्यायचं नाही, असं मालक म्हणतात. तुमच्यातलीच एक. गुरुवारी हॉटेल बंद करायचं. नेहमीसारखं, दुसरा मजला थोरलीचा, पहिला धाकटीचा. जिच्या मजल्यावर खोट निघणार नाही, तिच्या हातात किल्ल्या.”

ऑफिसचं दार लागायचा अवकाश, थोरली सुरू झाली. “अकरा वर्षं झाली मला इथे. गुडघे गेले माझे हे जिने चढून. काल आलेलीला विचारायची काय गरज होती त्याला?”

“त्यांनी विचारलं, ताई. मी नव्हते गेले मागायला.”

“आणि तुला कशाला हव्यात दोन खोल्या? दोनच तर माणसं तुम्ही.”

धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. दोनच माणसं! थोरली हे सहज बोलली की ठरवून, ते देव जाणे, पण लागायचं तिथे लागलं.

“आणि हो,” थोरली जिना उतरता उतरता म्हणाली, “हॉलमधला पडदा धुऊन टांगलाय मी. एक तारखेला या. भाऊजींना सांग, सोफा या वेळी त्यांनीच सरकवायचा. माझी पाठ गेलीय.”

त्या क्षणी धाकटीनं मनाशी पक्कं केलं की काय वाट्टेल ते होवो, त्या निळ्या पडद्यामागे आपण पुन्हा जायचं नाही.

आता, असलं हॉटेल बंद करणं म्हणजे नुसतं कुलूप ठोकणं नव्हे. गाद्या भिंतीला उभ्या लावायच्या, फ्रिजची दारं उघडी ठेवून मध्ये फडक्याची घडी कोंबायची, पडदे उतरवायचे. आणि या सगळ्यात मोठं काम पाण्याचं. तिथे हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठतं, आणि गोठलं की फुगतं. मग पाइप फुटतो, भिंत फुगते, छत खाली येतं. म्हणून त्या दिवशी सकाळी आठला प्लंबर मेन कॉक बंद करतो. लगेच प्रत्येक मजल्यावरचे सगळे नळ उघडायचे आणि उघडेच ठेवायचे. दहा वाजता तो तळघरातला कॉक सोडतो. वरच्या उघड्या नळांतून हवा आत शिरते आणि पाणी खाली निघून जातं. नळ बंद असेल तर हवा शिरत नाही आणि पाणी पाइपातच अडून बसतं. हे कुलूपराव दोघींना दर वर्षी घोकून घ्यायचे. प्रत्येक बाथरूमच्या दारामागे तसा कागदही लावलेला होता, अर्थात तिथल्या भाषेत.

धाकटीच्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. बंद करायच्या दिवशी तो स्वयंपाकघरातल्या मशीनमध्ये डोकं घालून बसलेला असायचा, आणि तिथली भाषा त्याला बोलण्यापुरती येत होती, वाचण्यापुरती नाही. त्याला नळाबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे नळ बंद ठेवायचा. घरी, सासुरवाडीला, दुकानात, स्टेशनावर, कुठेही नळ ठिबकताना दिसला की हा बोलणं अर्धं टाकून उठायचा आणि पिळून यायचा.

त्यालाही कारण होतं. घरी असताना त्यांच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. कॉलेजात असताना एकदा त्यानं कोरडा नळ फिरवून बघितला आणि तसाच उघडा टाकून निघून गेला. दुपारी पाणी आलं. घरात घोटाभर पाणी, वर्षाचं धान्य पोत्यांसकट भिजलेलं. सासरे म्हणजे जमदग्नीचा अवतार. तेव्हा थोरलीच्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. ती पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, “माझ्याच हातून झालं.” नवीन सून म्हणून तिला मार पडला नाही इतकंच, पण टोमणे वर्षभर पुरले. तेव्हापासून वहिनी म्हणजे याच्यासाठी देव. ही गोष्ट धाकटीनं शंभरदा ऐकली होती. सांगताना दर वेळी त्याचा आवाज जड व्हायचा आणि ऐकताना दर वेळी हिचं तोंड कडू व्हायचं.

गुरुवारी सकाळी समुद्र राखाडी झाला होता आणि हॉटेलात माणूस बोललं तरी आवाज घुमत होता. आठला मेन कॉक बंद झाला. धाकटीनं अठरा खोल्यांतले सगळे नळ उघडले. बेसिनचे, शॉवरचे, गरम, गार. नळ फुसफुसले, चार थेंब टाकून गप्प झाले. वरच्या मजल्यावर थोरली चालत होती. गुडघ्यामुळे तिचं एक पाऊल जोरात पडायचं, एक हलकं. त्यावरून ती कुठल्या खोलीत आहे हे खाली कळायचं. अठराही खोल्यांतून ती फिरून आली, तेव्हा वरचेही नळ उघडले गेले, हे धाकटीला समजलं. खोट काही निघणार नाही. दोन्ही मजले चोख निघाले, तर अकरा वर्षंवाली जिंकणार, हे कळायला कुलूपरावांना विचारायची गरज नव्हती.

गाद्या उभ्या करायला पुरुष माणूस हवं म्हणून कुलूपरावांनी धाकटीच्या नवऱ्याला वर पाठवलं. आधी दुसरा मजला, मग पहिला. तो वर कामाला लागला आणि थोरली चादरींचे गठ्ठे घेऊन खाली लॉन्ड्रीत गेली.

पावणेदहाला नवरा घाम पुसत पहिल्या मजल्यावर आला.

“वहिनी पण ना!” तो हसत म्हणाला. “वर सगळे नळ उघडे टाकून गेल्यात. पाणी गेलंय ना, त्यामुळे लक्षात आलं नाही त्यांच्या. पाणी आलं असतं म्हणजे अख्खा मजला तरंगला असता. मी बंद केले एकूण एक.”

धाकटीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

‘अहो, आधी उघडा जा ते,’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे तो निळा पडदा आला, धुऊन टांगलेला.

“बरं केलंत,” ती म्हणाली.

तो खूश झाला. वहिनीची लाज राखली, शिवाय बायकोनं शाबासकी दिली, हे दोन्ही त्याला एका दिवशी मिळत नसे. त्याच खुशीत तो समोरच्या बाथरूममध्ये शिरला आणि तिथल्या नळाला हात घातला.

“राहू द्या!” धाकटी एवढ्या मोठ्यानं ओरडली की तो दचकला. “इथलं मी बघते. तुम्ही गाद्या घ्या.”

तो गाद्यांकडे गेला. धाकटी मात्र जागची हलेना. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पंधरा मिनिटं कमी होती. अठरा खोल्या, धावत केल्या तर दहा मिनिटांचं काम. ती जिन्याकडे वळली, का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, आणि एका दमात वर पोचली. पहिल्याच खोलीत शिरून तिनं बेसिनच्या नळावर हात ठेवला. नवऱ्यानं तो असा काही पिळला होता की दोन हात लावावे लागणार होते.

“काय गं, माझ्या मजल्यावर काय करतेस?”

दारात थोरली उभी होती आणि तिच्या मागे कुलूपराव.

“खोट काढायला आलीस का? काढ, काढ. धूळ बोटाला लागते का बघ.” मग कुलूपरावांकडे वळून त्यांच्या भाषेत, हसत हसत, “ही आमची धाकटी. हिला सगळं मीच शिकवलं. आली तेव्हा चादरीचा कोपरा मुडपता येत नव्हता.”

कुलूपराव हसले. धाकटीनं नळावरचा हात काढून घेतला.

तेव्हाही सांगता आलं असतं. ती म्हणाली, “पाणी प्यायला आले होते.”

“अगं, पाणी बंद आहे आज!” थोरलीनं कपाळावर हात मारला. “आणि ही म्हणे हॉटेल सांभाळणार.”

धाकटी खाली आली. आपण स्वतः उघडलेले नळ कोण पुन्हा तपासतं? थोरलीनंही तपासले नाहीत. दहा वाजता तळघरातून आवाज आला आणि पहिल्या मजल्याच्या भिंतींतून पाणी गुडगुडत खाली गेलं. वरच्या भिंतींतून काही ऐकू आलं नाही.

बाराला प्लंबर तपासायला आला. नवरा तेव्हा स्वयंपाकघरात परत गेला होता. पहिल्या मजल्यावर प्लंबरनं चार-दोन नळांना तोंड लावून फुंकून बघितलं आणि अंगठा वर केला. दुसऱ्या मजल्यावर पहिलाच नळ फिरवला तो फस्सकन हवा आत शिरली आणि भिंतीत अडलेलं पाणी गुडगुडत खाली गेलं. दुसऱ्या खोलीतही तेच, तिसऱ्याही. तो काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते.

कुलूपराव लाल झाले. “दर वर्षी सांगतो! दारामागे लिहून ठेवलंय! हे असंच राहिलं असतं तर जानेवारीत हे छत जेवणाच्या हॉलमध्ये पडलं असतं. कुणी बंद केले हे नळ? ज्यानं केले असतील त्यानं पुढच्या मे महिन्यात इथे पाऊल ठेवायचं नाही.”

थोरलीनं तोंड उघडलं ते तावातावानं. “मी स्वतःच्या हातानं—” आणि मध्येच थांबली. तिची नजर भिंतीला उभ्या लावलेल्या गादीवर गेली. मग नळावर. मग धाकटीवर. धाकटीला ती नजर सहन झाली नाही, तिनं मान फिरवली.

“माझ्याच हातून झालं,” थोरली म्हणाली. “सवय. आमच्याकडे उघडा नळ बघवत नाही कुणाला.”

तेच शब्द होते. शंभरदा ऐकलेले.

कपडे बदलायच्या खोलीत थोरली अॅप्रनची घडी घालत होती, एकेक कोपरा जुळवून, उद्या पुन्हा लागणार असल्यासारखी. धाकटी भांडणाच्या तयारीनंच आत गेली होती. तिला भांडण हवं होतं. चार वर्षांचं साचलेलं बोलून टाकता आलं असतं आणि आजचं त्यात बुडून गेलं असतं.

“मघाशी तू नळाला हात लावून उभी होतीस,” थोरली वर न बघता म्हणाली. “मला वाटलं, माझं काही बिघडवायला आलीस. आता कळलं, उघडायला आली होतीस. मग उघडायचा होता गं.”

“तुम्ही बोलू दिलंत का मला?”

“माझं तोंड वाईट आहे, मान्य. तुझं तर चांगलं आहे ना? ते का नाही उघडलंस?” तिनं पिशवी खांद्याला लावली. “भाऊजींना यातलं सांगू नकोस. खचतील ते. आणि तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस हं. तू माझ्या दारात पुन्हा उभं राहायचं नाहीस.”

एक जोरात, एक हलकं, अशी पावलं टाकत ती निघून गेली. धाकटीला तिचा असा संताप आला की दात आवळले गेले. या बाईला वाईटसुद्धा धड वागता येत नव्हतं. शेवटी मोठेपणा घेऊन गेली तो गेलीच.

एक तारखेला ते दोन खोल्यांत राहायला आले. धाकटीनं दाराला कडी लावली, वर साखळी लावली आणि बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली. बेकरीत जाऊन तिनं न विचारता सांगून टाकलं, “मी जाणार नाही. हॉटेलची राखण माझ्याकडे आहे.” बेकरीवालीनं तिला खालून वर न्याहाळलं आणि पिशवीत कालचा पाव टाकला. घरी येऊन दाबून बघितल्यावर ते धाकटीच्या लक्षात आलं. तिनं तो चहात बुडवून खाल्ला. स्वतःच्या ओट्याशी उभं राहून खाल्ला, म्हणून गोड लागला.

नवऱ्याला मात्र चैन नव्हतं. “वहिनींचं नेमकं काय चुकलं?” तो रोज विचारायचा. ती कधी चादरींचे गठ्ठे चुकल्याचं कारण सांगायची, कधी कुलूपरावांच्या लहरीचं. “मी जाऊन येतो त्यांच्याकडे,” तो म्हणायचा. “आत्ता नको. रागावल्यात, आपल्याला मिळालं म्हणून,” असं म्हणून ती त्याला थोपवायची. असे आठ दिवस गेले. कुलूपराव शहरात निघून गेले, रस्त्यावर चिटपाखरू दिसेना, आणि समुद्राचा आवाज बंद खिडक्यांतून आत यायला लागला.

रविवारी सकाळी ती फेरीला निघाली तेव्हा नवराही सोबत आला. पहिल्या मजल्यावर तिनं खिडक्या बघितल्या, त्यानं बाथरूम. आत त्याला उघडा नळ दिसला आणि त्याचा हात आपोआप गेला.

“अहो, बंद नका करू,” धाकटी खिडकीशी उभी राहूनच म्हणाली. “उघडेच ठेवायचे असतात ते, नाहीतर पाणी—”

तिनं वाक्य तोडलं. पण उशीर झाला होता.

“नाहीतर पाणी काय?” तो आतूनच म्हणाला.

“अडतं. थंडीत पाइप फुटतो.”

“हे तुला कधीपासून माहीत आहे?”

खोटं सुचायला हवं होतं. इतके दिवस सुचत होतं. “पहिल्या वर्षापासून,” ती म्हणाली.

तो बाहेर आला. त्याचा चेहरा तिनं एवढा पांढरा कधी बघितला नव्हता. “मी तुला येऊन सांगितलं. वरचे सगळे बंद केले म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, बरं केलंत.”

ती खिडकीची कडी लावत राहिली.

“आणि इथला बंद करायला लागलो तर ओरडलीस. राहू द्या म्हणालीस.” तो एकेक शब्द सावकाश उचलून ठेवत होता. “वहिनी काय म्हणाल्या कुलूपरावांना?”

“माझ्याच हातून झालं म्हणाल्या.”

तो उभ्या गादीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. धाकटीला वाटलं, तो रडेल. तो रडला नाही, म्हणून तीच फुटली.

“मग काय करायचं होतं मी? अजून एक हिवाळा त्या पडद्यामागे काढायचा होता? तुम्ही दादांबरोबर रोजंदारीवर कोल्ड स्टोरेजला जायचात. दिवसभर त्या घरात मी होते. माझं उठणं, बसणं, माझी पाळी चुकली की नाही, सगळं तिला माहीत! तुमची देवता असेल ती. मला तिनं माणसात धरलं नाही कधी. एक दार मागितलं मी, एक!”

“मला मागायचं होतंस.”

“तुमच्याकडे होतं?”

“नव्हतं,” तो म्हणाला. “पण वेळ होता ना? मी खाली आलो तेव्हा?”

“पंधरा मिनिटं होती,” धाकटी म्हणाली. हे सांगायची काही गरज नव्हती. पण आता एक खरं बोलल्यावर दुसरं आवरत नव्हतं.

तो उठला, जिना उतरला आणि अंगात स्वेटर न घालताच बाहेर पडला. खिडकीतून तिला तो वाळूनं भरलेल्या रस्त्यावरून थोरल्याच्या घराकडे जाताना दिसला. ती दिवसभर दाराकडे कान लावून बसली. त्या दिवशी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मंगळवारी दुपारी आला. त्याच्याकडे किल्ली होती, तरी त्यानं दार वाजवलं. ते वाजवणं ऐकूनच धाकटीला काय ते समजलं. तिनं साखळी काढली. तो आत आला, माळ्यावरची बॅग काढली, कपडे भरायला लागला.

“कुलूपरावांना फोन केला होता,” तो बॅगेकडे बघत म्हणाला. “खरं ते सांगितलं. मे महिन्यात वहिनी कामावर येतील. मी येणार नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये दादा बघतोय माझं.”

“आणि या खोल्या?”

“तुझं नाव काढलं नाही त्यांनी. मीही नाही काढलं. किल्ल्या तुझ्याच.”

“तुम्ही राहणार कुठे?”

“पडदा धुतलेला आहे,” तो म्हणाला.

धाकटी ओट्याला धरून उभी राहिली. थांबा म्हणावं, पाया पडावं, नाहीतर बॅग हिसकावून फेकून द्यावी, असं सगळं एकदम वाटलं आणि त्यातलं एकही झालं नाही. त्यानं बॅगेची चेन ओढली. बॅगेवर बसलेल्या धुळीनं हात माखले होते. तो नळाशी आला, तिच्या अगदी शेजारी उभा राहिला, साबण लावून हात धुतले. एकदा, पुन्हा एकदा. मग पंचाला पुसले, बॅग उचलली आणि दार ओढून घेऊन गेला.

नळ चालूच होता. पूर्ण उघडा, मोठी धार पडत होती आणि पाणी ओट्यावर उडत होतं.

विसरला असेल, असं धाकटीला क्षणभर वाटलं. सहा वर्षांत तो एकदाही विसरला नव्हता. बाहेर त्याची पावलं वाळूवरून गेली आणि ऐकू येईनाशी झाली. धाकटीनं आधी जाऊन दाराला आतून कडी लावली, वर साखळी लावली, आणि मग ती नळ बंद करायला वळली.